गर्टीबाईंचं काय झालं, माहितेय?

अहो वहिनी, थांबा जरा. भाजी पाच मिनिटांनी चिरली म्हणून काही बिघडत नाही. काल रात्री 'किंग अँड आय' लावला होतात ना? तुमची खिडकी उघडी होती, सगळी गाणी ऐकू आली मला. डेबोरा कर दिसते छानच, पण ती गाणी काही तिची नव्हेत हं. आवाज मार्नी निक्सनचा. आणि तिने केलेली ती ॲनाची भूमिका तरी मुळात कुणाची? जिने ती हट्टाने स्वतःसाठी करवून घेतली, ती बाई सिनेमा यायच्या चार वर्षं आधीच गेली बिचारी.

गर्ट्रूड लॉरेन्स. लंडनची. तिकडे सगळे तिला गर्टी म्हणायचे, मीही तेच म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, आवाज फार गोड असेल. छे हो! सूर सांभाळणं तिला आयुष्यभर जमलं नाही. खाली घसरायची. वरच्या पट्टीत तर देवाचंच नाव. पण रंगमंचावर आली की लोकांना दुसरीकडे बघवायचं नाही. गेर्श्विनने, कर्ट वाइलने, रिचर्ड रॉजर्सने, ज्यांनी ज्यांनी सांगीतिकांना चाली दिल्या, त्यांनी तिचा गळा माहीत असून तिच्यासाठी गाणी केली. हे कसं, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. पण आमच्या आजीच्या हातचं वरण जसं, मीठ कमी की जास्त याचा हिशोब कुणी करायचं नाही, तसंच काहीतरी असणार.

जन्म 1898 चा, 4 जुलैचा. बाप डॅनिश, खर्जातला गवई आणि पक्का दारूबाज. आई ती तान्ही असतानाच त्याला सोडून निघाली, पुढे दुसरं लग्न केलं. घरात पैशांची ओढाताण. सहा वर्षांची असताना बोग्नरला समुद्रावर सहलीला गेले होते, तिथे गाण्याचा कार्यक्रम चालला होता. आईने हिला पुढे ढकललं. पोरगी गायली आणि एक सोन्याचं नाणं बक्षीस घेऊन आली. झालं! आईला कळलं पोरीचं काय करायचं ते. इटालिया कॉन्टीबाईंच्या नाट्यशाळेत तिला घातली.

तिथूनच नोएल कॉवर्ड भेटला, पुढे नाटककार झाला तो. 1913 साल. दोघं एका जर्मन नाटकात लहान मुलांची कामं करायला निघालेली, लिव्हरपूलच्या गाडीत. त्यानेच पुढे लिहून ठेवलंय की ह्या पोरीने त्याला एक संत्रं दिलं, दोन-चार चावट गोष्टी सांगितल्या, आणि तेव्हापासून तो तिचा झाला. चौदाव्या-पंधराव्या वर्षी चावट गोष्टी! नाही नाही, तसला संबंध नव्हे. त्याला बायकांत रस नव्हता, हे त्यांच्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक होतं. जन्माची मैत्री मात्र झाली, आणि भांडणंही जन्माची.

मग आंद्रे शार्लो म्हणून एक नाट्यनिर्माता होता, तो रेव्ह्यू करायचा. रेव्ह्यू म्हणजे सलग कथा नाही, एक गाणं, एक नाच, एक छोटं प्रहसन, पुन्हा गाणं. त्यात बिआट्रिस लिली मुख्य, आणि गर्टी तिची बदली. लिलीबाई घोड्यावरून पडल्या, तेव्हा हिचं नशीब उघडलं. पण टिकवेल ती गर्टी कसली! लग्न झालेलं, मुलगी झाली 1918 मध्ये, त्याच सुमारास कंबर धरली. शार्लोने रजा दिली विश्रांतीला. आणि ही बया रजा संपायच्या दोन दिवस आधी आयव्हर नोव्हेलो या संगीतकार-नटाच्या आमंत्रणावरून एका पार्टीत दिसली! शार्लोला कळलं. त्याने तिथल्या तिथे हाकलली. मग काय, रात्रीच्या क्लबात गाणी म्हणत दिवस काढले.

नवरा? नृत्यदिग्दर्शक होता. वयाने बराच मोठा. तो संसार नावालाच. मुलगी बरीचशी आजीकडेच वाढली. ह्या एका बाबतीत मी गर्टीची बाजू घेणार नाही. बाकी सगळं माफ.

शार्लोनेच पुन्हा बोलावलं पुढे. 1924 मध्ये तो लिली, जॅक ब्युकॅनन हा नट आणि हिला घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि ब्रॉडवे अक्षरशः पागल झाला. दोन वर्षांत 'ओह, के!' आलं, 1926. जॉर्ज गेर्श्विनचं संगीत. अमेरिकन सांगीतिकेत, तेही ब्रॉडवेवर, नायिका म्हणून उभी राहिलेली ही पहिली ब्रिटिश नटी. त्यात एक एकटेपणाचं गाणं आहे. गेर्श्विनने तिच्या हातात एक चिंधीची बाहुली दिली, म्हणाला हिच्याकडे बघून गा. रिकाम्या रंगमंचावर बाई आणि बाहुली. त्यानंतर सूर कोण मोजतंय?

आता भानगडींकडे येते, नाहीतर तुम्ही निघून जाल. फिलिप ॲस्टली म्हणून घोडदळाच्या पलटणीतला एक रुबाबदार अधिकारी होता. ईटनमध्ये शिकलेला, खानदानी. कसं बोलायचं, कसं बसायचं, हे तिने त्याच्याकडून उचललं असं म्हणतात. लग्न मात्र त्याने केलं मॅडेलीन कॅरोलशी, सिनेमातल्या. पुढे नट डग्लस फेअरबँक्स धाकटा, गर्टीपेक्षा अकरा वर्षांनी लहान! दोघांनी 1934 मध्ये नाटक केलं, मग सिनेमा केला, आणि लंडनभर चर्चा. आणखी नावं आहेत, पण ती मी सांगणार नाही. ऐकीव आहेत.

त्या सगळ्यात 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' हे नाटक झालं, 1930 चं. कॉवर्डने ते तिच्यासाठीच लिहिलं. पूर्वेच्या प्रवासात होता, टोकियोत डोक्यात आलं, शांघायला फ्लू होऊन हॉटेलात पडला आणि चारेक दिवसांत लिहून मोकळा. हस्तलिखित तिला पाठवलं. हिची तार आली, चांगलं आहे, दुरुस्त होणार नाही असं काही त्यात नाही. तो असा भडकला! उलट तार गेली की दुरुस्ती लागेल ती फक्त तुझ्या अभिनयाला. तो कज्जा मिटला कसातरी, आणि दोघं घटस्फोट झालेले नवरा-बायको होऊन रंगमंचावर एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले. लॉरेन्स ऑलिव्हिए त्यात दुय्यम भूमिकेत होता, बोला! तीन महिने हाऊसफुल्ल, आणि कॉवर्डने बंद केलं. जास्त दिवस तेच तेच करायचा त्याला कंटाळा.

पैसा? येत होता की. पण राहील तेव्हा ना. मोलिनो या फॅशनवाल्याचे कपडे, मोटारी, फुलं, रोज रात्री पार्ट्या, आणि कर भरायचा असतो हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं जणू. 1935 मध्ये कोर्टाने दिवाळखोर ठरवलं. नाटकवाल्यांच्या पाचवीला कर्ज पुजलेलंच असतं म्हणा. पण ती रडत नाही बसली. दिवसा सिनेमाचं शूटिंग, रात्री नाटक, असं करून फेडत राहिली.

मग अमेरिकाच घर झालं. रिचर्ड आल्ड्रिच म्हणून निर्माता होता, सज्जन, बँकेत काम केलेला, न्यू इंग्लंडचा. 1940 मध्ये 4 जुलैला, म्हणजे स्वतःच्या वाढदिवसाला, लग्न केलं. लोक म्हणाले, सहा महिने. टिकलं की हो शेवटपर्यंत! ती गेल्यावर त्याने तिच्यावर पुस्तक लिहिलं, ते तडाखेबंद खपलं.

त्याच सुमाराला मॉस हार्ट या नाटककाराने 'लेडी इन द डार्क' आणलं. हो म्हणायला बाईंनी त्याला किती रखडवलं! आधी ज्योतिषाला विचारायचंय म्हणाली. हसू नका, तिकडेही असतात ज्योतिषी. शेवटी 1941 मध्ये उभं राहिलं. त्यात डॅनी के हा तेव्हा नवखा पोरगा, एका गाण्यात रशियन संगीतकारांची पन्नासेक नावं चाळीस सेकंदांच्या आत सडासड म्हणून मोकळा व्हायचा. टाळ्या थांबेनात. आणि लगेच पुढचं गाणं कुणाचं? गर्टीचं. दुसरी असती तर विंगेत जाऊन निर्मात्याचा गळा धरला असता. हिने काय केलं, संयमी, सभ्य म्हणून बसवलेलं ते गाणं अशी कंबर हलवत, असं मोकळं सुटून केलं की लोक डॅनीला विसरले. तालमीत हे कुणी पाहिलंच नव्हतं!

युद्धात सैनिकांपुढे नाचली-गायली. नॉर्मंडीत, मग पॅसिफिककडेही. आणि 1945 मध्ये आत्मचरित्र. त्यातलं किती खरं मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. लहानपणचे हाल तिने प्रत्येकाला वेगळे सांगितलेत.

आणि आता ऐका, ह्यासाठीच मी तुम्हाला थांबवलं. मार्गारेट लँडनचं पुस्तक होतं, सयामच्या राजाच्या पोरांना शिकवायला गेलेल्या ॲना लिओनोवेन्सवर. गर्टीला ते आवडलं. तिची वकीलबाई, फॅनी होल्ट्झमन, हिने हक्क मिळवले. आधी कोल पोर्टरला विचारलं, तो नको म्हणाला. मग रॉजर्स आणि त्याचा गीतकार हॅमरस्टाइन. रॉजर्स धास्तावलेला, गळा माहीत होता ना! पण मोजक्या सुरांत बसतील अशी गाणी त्याने बांधून दिली. 29 मार्च 1951 ला न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरात 'किंग अँड आय'चा पडदा उघडला.

तर ही ॲना कुठली? स्वतः सांगायची, वेल्सची. अधिकाऱ्याची विधवा. सगळं खोटं! बाई आपल्या नगरची. हो हो, अहमदनगरची, आता अहिल्यानगर म्हणा. 1831 चा जन्म इथला. बाप फौजेत सार्जंट, साधा. लग्न पुण्यात झालं, 1849 च्या नाताळात. नवऱ्याचं मधलं नाव लिऑन आणि आडनाव ओवेन्स, ते तिने जोडून एकच ठसकेबाज आडनाव केलं. नवरा पेनांगला वारला, पोटाशी दोन पोरं. सिंगापुरात जाऊन नवी कहाणी सांगितली, 1862 मध्ये बँकॉकच्या दरबारात नोकरी मिळवली. आणि तो भुताच्या सिनेमांतला बोरिस कार्लॉफ, तो हिच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा! हे जन्माचं प्रकरण बाहेर आलं 1970 नंतर. गर्टीला पत्ताच नव्हता की ती रोज संध्याकाळी नगरच्या बाईचं सोंग वठवतेय. मला तर वाटतं, दोघींची चांगली जमली असती. आपापली गोष्ट नटवून सांगायची हौस दोघींनाही.

काम मात्र ढोरमेहनतीचं. ते साटिनचे घेरदार झगे, चौतीस किलोपर्यंत वजन! ते घालून नाचायचं, आठवड्याला आठ प्रयोग. 1952 मध्ये टोनी पारितोषिक मिळालं. ऑगस्टमध्ये एका दुपारच्या प्रयोगानंतर कोसळली. डॉक्टरांना वाटलं कावीळ. निघाला यकृताचा कर्करोग. 6 सप्टेंबरला गेली. चोपन्न वर्षं, काय वय ते.

जाताना वकीलबाईला सांगून गेली की आता राजाचं काम करणाऱ्या यूल ब्रिनरचं नाव पाटीवर मोठं करा. तोवर फलकावर ठळक नाव हिचंच. इतकी वर्षं आपल्या नावाच्या अक्षरांची उंची मोजणारी नटी, आणि शेवटचं मागणं हे! पुरलं तिला ॲनाच्या नाचाच्या झग्यात. अंत्यविधीला फिफ्थ ॲव्हेन्यूवर पाच हजार माणूस. ब्रॉडवेवरच्या सगळ्या थिएटरांचे दिवे मंद केले, लंडनचेही. ब्रिनर पुढे 1985 पर्यंत राजा होत राहिला, एकूण 4625 प्रयोग.

तिच्यावर सिनेमा? आला ना, 'स्टार!', 1968 मध्ये. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, नायिका ज्युली अँड्र्यूज, तीच 'साउंड ऑफ म्युझिक'वाली जोडी. सपाटून आपटला. कापला, नाव बदललं, पुन्हा लावला, पुन्हा आपटला. आता तुम्हीच सांगा, ज्युलीबाईंचा सूर कधी केसभर तरी हलायचा का? आणि त्यांना दिली गर्टी करायला! मी पाहिला तो, अर्धा. छान गातात हो. पण बघत राहावंसं नाही वाटलं, उठून कुकर लावला मी मध्येच.