सोवळ्यातला ब्राउझर

‘ब्राउझरमध्ये कसलं काम करताय? आमचं ॲप घ्या!’ असा आग्रह हल्ली जो तो करतो. घेतलं. आत काय? ब्राउझरच! स्लॅक, नोशन, डिस्कॉर्ड ही सगळी मंडळी संगणकावर इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्याच्या जिवावर उभी; आणि इलेक्ट्रॉनच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर. म्हणजे तीन ॲप्स उघडली की तीन ब्राउझर, शिवाय तुमचा मूळचा चौथा. रॅम बिचारी कोणाकोणाला पुरणार? वरचा ॲड्रेस बार झाकला, की ब्राउझर सोवळ्यात! मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या नव्या आउटलुकमध्येही वेबचीच आवृत्ती बसवली आहे. उलट डिझाइनचं जड काम फिगमा 2016 पासून निमूटपणे टॅबमध्ये करतंय. तेव्हा ‘इन्स्टॉल’ दाबण्याआधी एवढंच विचारा, नेट गेल्यावर चालतं का? नाही म्हणाले, तर टॅबच बरा.