अख्खी भिशी दा नांगला!

कळलं का काही? आमच्या सोसायटीची भिशी यंदा अलिबागला जाणार नाही. महाबळेश्वरला नाही, गोव्याला तर नाहीच नाही. अख्खी भिशी चाललीय व्हिएतनामला! ज्या बायका परवापरवापर्यंत सुट्ट्या दोन रुपयांवरून रिक्षावाल्याशी भर स्टेशनात हुज्जत घालत होत्या, त्या आता लिफ्टमध्ये एकमेकींना ‘हनोई आधी की दा नांग आधी?’ असं विचारतायत. आणि एकट्या याच नाहीत हो. बी विंगमधलं निवृत्त जोडपं जाऊन आलं, त्यांच्या व्याह्यांचं बुकिंग झालं, आणि आता व्याह्यांच्या शेजाऱ्यांना झोप लागेना. 2024 या एका वर्षात पाच लाखांच्या घरात भारतीय तिथे जाऊन आले. असं काय वाढून ठेवलंय तिथे, सांगा बघू?

मी चौकशी केली. वाढून ठेवलाय एक पूल. दा नांगजवळ बा ना हिल्स नावाचा डोंगर आहे, त्यावर हा सोनेरी पूल, आणि दोन अजस्र दगडी हातांनी तो तोलून धरलेला. स्टेटसवर तुम्हीही पाहिला असेलच, सुटका नाही. तर ते हात दगडी वगैरे काही नाहीत बरं का! आत तारेची जाळी, वरून फायबरग्लास, आणि जुनाट दिसावं म्हणून रंगरंगोटी. पुलाचा जन्म 2018 चा. पलीकडे एक फ्रेंच खेडं आहे, चर्च-बिर्च सगळं, तेही नवंकोरं बांधलेलं. आणि हे बघायला कोण निघालंय? ज्यांच्या दाराशी रायगड उभा आहे ते! खरा दगड, खरा इतिहास, शेवाळसुद्धा खरं. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात! तेव्हा याच बायकांनी भगवे झेंडे आणि तुताऱ्यांनी माझा फोन भरून टाकला होता.

हे सगळं मी भिशीत ठणकावून सांगितलं. सगळ्या गप्प. मग खजिनदार काकूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, “गडावर बाथरूमची सोय कशी आहे गं?”

आता काय बोलणार? तोंडात आलेला इतिहास तसाच गिळला. मागाहून कळलं की काकूंनी बा ना हिल्सचे व्हिडिओ बघताना पूल कमी आणि टॉयलेटं जास्त बघितली होती. किती अंतरावर आहेत, पाणी आहे का, कमोड आहे का, सगळं वहीत टिपलेलं. वर जायला पावणेसहा किलोमीटरहून लांब रोपवे, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न मिटला. रायगडालाही रोपवे आहे, 1996 पासून आहे. पण जोडून सुट्ट्या आल्या की तिथली रांग बघून माणूस पायथ्याशीच महाराजांना मुजरा करतो.

या विषयावर विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिलेत म्हणे. रिची आणि क्राउच या जोडीने 2003 मध्ये पर्यटनस्थळांच्या स्पर्धेवर सबंध पुस्तकच काढलं. त्यांचं म्हणणं असं, की डोंगर, समुद्र, किल्ले ही झाली मिळकत. त्या मिळकतीचं तुम्ही करता काय, त्यावर गिऱ्हाईक ठरतं. काकूंनी तेच बाथरूममध्ये गाठलं. जागतिक आर्थिक मंचाची 2024 ची पर्यटनाची यादी तर याहून झोंबणारी. 119 देशांत भारत निसर्गसंपत्तीत सहावा, सांस्कृतिक ठेव्यात नववा आणि सगळं मिळून एकोणचाळिसावा! मुलगी दिसायला सहावी, घराणं नववं, आणि पसंतीच्या वेळी पाहुणे पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून निघून गेले, अशातली गत.

बरं, व्हिएतनाम म्हणजे केवढा? महाराष्ट्रापेक्षा जेमतेम थोडा मोठा. आणि 2024 मध्ये तिथे परदेशी पाहुणे आले पावणेदोन कोटी. आपल्या सबंध देशात त्या वर्षी एक कोटीही भरले नाहीत. ताजमहाल धरून!

त्यात व्हिएतनामच्या व्हिसाची चैन बघा. पंचवीस डॉलर भरा, घरबसल्या फोटो चढवा, काही दिवसांत कागद हातात. ऑगस्ट 2023 पासून तर नव्वद दिवस राहायची मुभा दिलीय. थायलंडने त्याच वर्षी नोव्हेंबरात भारतीयांसाठी व्हिसाची अटच काढली, मलेशियाने पुढच्याच महिन्यात. सगळे दारात रांगोळी काढून बसलेत. आणि इकडे अमेरिकेतल्या लेकाकडे जायचं म्हटलं तर मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत नातवाचं बारसं होऊन मुंजीची वेळ येते. व्हिएतनामला मात्र मुंबईहून थेट विमान आहे, रात्री बसलं की सकाळी तिकडे. उतरल्या उतरल्या प्रत्येक जण लक्षाधीश! पाच लाख डाँगची एकच नोट असते हो. आपल्याकडे तिचे सतराशेच्या आसपास रुपये होतात, पण हातात धरल्यावर ते कोण आठवतंय? बी विंगच्या काकांनी उभी हयात सहकारी बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात घालवली. तिथे बायकोसाठी टोपी घेतली आणि दीड लाख रोख मोजले म्हणून सांगतात. सांगताना अजून मान ताठ होते.

“मग गोव्याचं काय बिघडलं होतं?” मी विचारलं. तर चार जणी एकदम म्हणाल्या, “टॅक्सी!” विमानाचं तिकीट स्वस्तात मिळवल्याचा आनंद विमानतळाबाहेर पाच मिनिटं टिकत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. ओला-उबर तिथे नाही. गोवामाइल्स नावाचं अॅप 2018 मध्ये आलं, तर स्थानिक टॅक्सीवाल्यांचा त्याच्यावरच राग. व्हिएतनाममध्ये म्हणे ग्रॅबचं अॅप उघडलं की गाडीत बसण्याआधीच भाडं दिसतं. भाषेचं अक्षर कळत नाही, पण आकडा कळतो. मराठी माणसाला याहून जास्त काय पाहिजे?

आणि गोव्यातली ती इडलीची भानगड ऐकलीत ना? फेब्रुवारी 2025 मध्ये कळंगुटचे आमदार मायकल लोबो यांनी जाहीर सांगितलं, की किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये इडली-सांबार आणि वडापाव विकला जातो, म्हणून परदेशी पाहुणे येईनासे झालेत. वडापाव! आमचा वडापाव! त्यांनी युक्रेनच्या युद्धाचंही नाव घेतलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहणार? आता आकडे बघा. 2019 मध्ये गोव्यात नऊ लाखांवर परदेशी पाहुणे होते, 2024 मध्ये साधारण साडेचार-पावणेपाच लाख. देशी मात्र एकाहत्तर लाखांवरून नव्याण्णव लाखांवर गेले. म्हणजे गोवा ओस पडला हीही अफवाच. गोरे कमी झाले, त्याला युद्ध आहे, कमी झालेली चार्टर विमानं आहेत, आणि 2022 मध्ये ऐन मोसमाच्या तोंडावर ब्रिटिशांचा ई-व्हिसा आपण बंद ठेवला होता हेही आहे. डिसेंबरात तो पुन्हा सुरू झाला, तोवर त्यांनी दुसरीकडची तिकिटं काढली असणार. पण व्हिसाच्या अर्जावर कोण चिडतो? इडली समोर दिसते.

या परदेशवारीच्या फॅडाला इमान नसतं, हे मात्र मान्य करा. मालदीवला 2023 मध्ये सगळ्यात जास्त पाहुणे आपले होते. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या उपमंत्र्यांनी आपल्याबद्दल नको ते बरळून ठेवलं, आणि वर्षअखेर आपण थेट सहाव्या नंबरावर. बाकूचंही तेच. एका दिवाळीत आमच्या सोसायटीत बाकूचे फोटो फराळापेक्षा जास्त फिरले. मे 2025 मध्ये अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ‘बाकू? आम्ही? छे हो!’ एकीने तर डीपी बदलला. नवऱ्याच्या टी-शर्टवर नाव होतं, तो टी-शर्ट आता फरशी पुसायला.

आपल्या कोकणाचा विषय काढला की मात्र सगळ्या हळव्या होतात. “मालवणसारखा समुद्र नाही गं!” अगदी खरं. सिंधुदुर्ग 1997 मध्येच पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, देशातला पहिला. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला, तीन वर्षांत मुंबईचं विमान बंद पडलं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण सुरू झालं 2011 मध्ये. तेव्हा पाळण्यात असलेली पोरं एव्हाना दहावीच्या क्लासला जायला लागली. जेवण फर्स्टक्लास, माणसं लाघवी, घरगुती खोल्या स्वच्छ. पण तिथवर पोचेपर्यंत कंबर मोडते, आणि काकूंचा पट्टा त्या आधीच डॉक्टरांनी लिहून दिलाय.

तर पैसे भरून झालेत. टूरबरोबर मराठी महाराज आहे, दोन्ही वेळ वरण-भात मिळणार, कारण तिकडे पाल्यातही माशाचा सॉस घालतात अशी पक्की खबर आहे. गोल टोपलीसारख्या नावेत बसवून गरागरा फिरवतात म्हणून चक्कर येण्याच्या गोळ्या वाटून झाल्या. पुढच्या वर्षीची कुजबुजही सुरू झालीय : अल्माटी. कझाकस्तानात चौदा दिवस व्हिसाच लागत नाही. कुणीतरी दबकत म्हणालं, “तिथे घोडा खातात म्हणे.” खजिनदार काकूंनी वहीतून मान वर न करता सांगितलं, “खाऊ देत. आपला महाराज येतोय का, तेवढं विचारा.”

मीही नाव दिलंय. गप्प बसा, यांना अजून सांगितलेलं नाही.