स्कूटरची आगोट

कोकणात पावसाळा मृगाला येतो, पण त्याची धास्ती अक्षय्य तृतीयेपासूनच सुरू होते. लाकडं फोडून पडवीत रचायची, कौलं चाळायची, पावसाची झड येते त्या बाजूला झापं बांधायची, आमसुलं, फणसपोळी, सुकट डब्यांत भरून झाकणं घट्ट लावायची. घरोघरी हीच आगोट. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी मात्र या यादीत कौलांच्या नंतर आणि सुकटीच्या आधी आणखी एक बाब असते : काकांची स्कूटर.

स्कूटर बजाज चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक १९७२ साली आली, आणि पुढे बरीच वर्षं नंबर लावल्याशिवाय कोणाला मिळाली नाही. तेव्हा मुलगी लवकर मिळे, स्कूटर नाही. जिच्यासाठी माणसाने उमेदीची वर्षं वाट पाहिली, ती तो पावसात कशाला भिजवेल? त्यातून आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. घराकडे येणारी जांभ्याची पाखाडी जुलैत अशी शेवाळते, की तिच्यावरून माणूस चालत नाही, थेट पोचतो. म्हणून मृगापासून काका एसटीने फिरतात आणि स्कूटर पडवीत बसते. ती उठते गणपती बसायच्या आदल्या दिवशी.

मे संपता संपता मुंबईहून मला या कामाला हजर राहावं लागतं. मदतीला नव्हे. बॅटरी धरायला. जिथे उजेड पाडतो तिथे काका बघत नसतात आणि काका बघतात तिथे माझा उजेड नसतो, हे ठरलेलंच.

पहिला वाद पेट्रोलचा. टाकी काठोकाठ भरून ठेवावी, असं नाक्यावरच्या मिस्त्रीचं मत. टाकी पत्र्याची, आत रिकामी जागा राहिली की दमट हवा शिरते, पत्र्याला घाम येतो आणि गंज धरतो. मुद्दा बिनतोड. शेजारचे भाऊ म्हणतात, टाकी पूर्ण रिकामी करावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलशी फारकत घेतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. कॉक नेमका तळाला. म्हणजे गणपतीत पहिल्या किकला इंजिनाच्या तोंडी तीर्थच. हाही मुद्दा बिनतोड. दोन बिनतोड मुद्दे समोरासमोर आले की आमच्या गावात चहा होतो. तो झाला. भाऊंनी इतक्या तळमळीने इथेनॉलचं रसायनशास्त्र का मांडावं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तोवर बाकीची कामं काढली. आधी आंघोळ. मडगार्डच्या आतली लाल माती काकूंच्या जुन्या उलथन्याने खरवडली, कारण माती ओल धरते आणि ओल पत्रा खाते. मग कॉक बंद करून इंजिन चालू ठेवलं, कारब्युरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. हे चुकवायचं नाही. ही दोन-स्ट्रोक गाडी. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल घातलेलं. कारब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि ऑइल मागे चिकट राप होऊन जेटच्या केसाएवढ्या भोकात बसतं. पेट्रोल संपत येतं तेव्हा इंजिन आधी एकदम जोरात ओरडतं, मग दोन उचक्या देऊन गप्प होतं. निळा धूर ओटीभर पसरला. काकू आतून म्हणाल्या, “राहू दे जरा चालू, डास तरी जातील.”

प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि चार-पाच किक हळू मारायच्या, म्हणजे सिलिंडरला आतून तेलाचा हात फिरतो. चमचा कुठला, यावर घरात दहा मिनिटं चौकशी झाली. काकूंना एकूण सगळा प्रकार लोणच्यासारखा वाटतो : वर तेल हवं, ओला हात लागता कामा नये, आणि तोंडाला फडकं बांधलं की मध्ये उघडून बघायचं नाही. मिस्त्रीची एवढी पोथी त्यांनी तीन वाक्यांत संपवली, आणि तीही रवळीतले तांदूळ धुता धुता.

तेलावरून पुढे भडका उडाला. समुद्राची खारी हवा क्रोमला आठवड्यात ठिपके पाडते, म्हणून बाहेरून तेलाचं बोट फिरवावंच लागतं. काकांनी घरच्या घाण्याचं खोबरेल आणलं. मिस्त्री कळवळला. “काका, खोबरेल लावू नका. उंदीर येतील.” काकांनी ऐकलं नाही. संध्याकाळी हँडलवरून मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग स्पीडोमीटरकडे निघालेली दिसली. मग सगळं पुसून ग्रीस.

क्लचची दांडी ओढून सुतळीने हँडलला बांधून ठेवायची, नाहीतर आतल्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. चाकांत हवा थोडी जास्त भरायची, गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची आणि खाली फळी घालायची, कारण पडवीची सारवलेली जमीन पावसाळ्यात सादळते. एवढं सगळं काका न कुरकुरता वाकून करतात. त्यांना खाली वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, पण डॉक्टरांकडे स्कूटर नाही.

खरा शत्रू पाऊस नव्हेच. कुंभारीण. सायलेन्सरचं भोक ही तिच्या दृष्टीने सरकारी योजनेतली तयार खोली; चिखलाचे गोळे आणून ती तोंड असं लिंपते की वर चुना काढला तर घरात शोभेल. म्हणून भोकात फडक्याचा बोळा. तो लालभडकच हवा आणि अर्धा बाहेर लोंबताच हवा, म्हणजे पहिली किक मारण्यापूर्वी काढायची आठवण राहते. बाजूच्या फुगीर पत्र्यांच्या आत डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या, उंदरांसाठी. उंदीर वायर भुकेने खात नाहीत, दात घासायला खातात, असं मिस्त्री सांगतो, आणि पोटात माझ्याबद्दल काही राग असावा अशा नजरेने माझ्याकडे बघतो.

वरून मी ऑनलाइन मागवलेलं, चारी बाजूंनी बंद होणारं चकचकीत प्लॅस्टिकचं कव्हर काकूंनी हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. प्लॅस्टिकच्या आत दमट हवा कोंडते आणि गाडी घामानेच गंजते. काकूंचं जुनं सुती लुगडं दुहेरी करून स्कूटरवर पडलं. प्लॅस्टिक सरपणावर गेलं.

विम्याची मुदत जुलैत संपते, तो उभ्या गाडीचाही भरायचा. पीयूसी काढण्याबद्दल काकांचं मत इथे छापण्यासारखं नाही.

राहिली टाकी. अंधार पडायला आला आणि काकांनी निकाल दिला : रिकामी. नळी लावून पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं, आत थोडं टू-टी ऑइल ओतून गाडी डावी-उजवी हलवली, म्हणजे पत्र्याला आतून तेल बसलं. मिस्त्री नाराज झाला, पण लाल बोळा बरोबर बसलाय का ते पाहूनच गेला.

आता हे कॅन ठेवायचं कुठे? घरात चूल. काकू म्हणाल्या, “माझ्या घरात ते नको. मांगरातही नको.” माझ्या मोटारीत ते चालणार नाही, त्यात ऑइल मिसळलेलं. सगळे एकमेकांकडे बघत असताना भाऊ म्हणाले, “तुमची अडचण होत असेल तर मी नेतो बापडा. आमचा ग्रास कटर आहे ना, त्याला हेच लागतं. टू-टी घातलेलं.”

पावसाळ्यात कोकणात गवत किती माजतं हे सांगायला नको. काकांनी कॅन पुढे केलं. भाऊंनी ते उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि जरा हिरमुसल्या आवाजात विचारलं, “रिझर्व्हमधलं काढलंत ना?”