सातवी 'ब'चा ब्लॉग

आपल्याकडे मुलांना स्वतःविषयी लिहायला फार लवकर शिकवतात. 'माझे नाव अमुक. माझ्या वडिलांचे नाव तमुक. मी अमक्या शाळेत सातवी 'ब'मध्ये शिकते. आमचे घर मारुतीच्या देवळामागे आहे.' दहापैकी दहा गुण! इंटरनेटवर मुलांनी काय सांगू नये याची यादी करायला बसलात, तर याहून चोख यादी मिळायची नाही.

माझ्या भाचीने ब्लॉग काढायचं मनावर घेतलं, तेव्हा तिचा पहिला लेख याच वळणाचा होता. वर शाळेच्या बसचा नंबर आणि गणवेशातला फोटो, खिशावरचा बिल्ला नीट वाचता येईल असा. "मामा, कुठल्या साइटवर टाकू?" एवढंच तिला विचारायचं होतं.

साइट ढीगभर आहेत. पण बहुतेकींच्या दारात जन्मसाल विचारतात आणि तेरा पूर्ण नसतील तर परत पाठवतात. हा तेराचा आकडा अमेरिकेतून आला. तिथल्या १९९८च्या कायद्यानुसार तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आधी पालकांची परवानगी लागते. घरोघरच्या परवानग्या कोण गोळा करत बसणार, म्हणून अनेक कंपन्यांनी मुलांना प्रवेशच बंद केला. मुलांनीही वाद घातला नाही. त्यांनी जन्मसालाची यादी जरा जोरात खाली सरकवली. भाचीच्या वर्गातली काही मुलं या हिशेबाने माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहेत.

आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याहून कडक. त्यात अठरापर्यंत सगळी बालकंच, आणि पालकांची संमती हवी, तीही पडताळता येईल अशी. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फोन समजणारे पालक असावेत. आमच्या भाऊजींच्या फोनवर ओटीपी आला, की तो वाचायला ते लेकीलाच हाक मारतात.

शाळांसाठी खास सोयीही आहेत. ऑस्ट्रेलियात २००५मध्ये सुरू झालेलं एड्युब्लॉग्ज त्यांपैकी एक. मुलाने लिहिलेलं आधी शिक्षकांकडे जातं, त्यांनी होकार दिला की मग प्रसिद्ध होतं. प्रतिक्रियांचंही तेच, आणि हवं तर सगळ्याला पासवर्डचं कुलूप. हे ऐकताना मला शाळेतलं हस्तलिखित आठवलं. बाई आधी वाचायच्या, एकच प्रत निघायची आणि ती वाचनालयाच्या कपाटात जायची. सुरक्षितता इतकी, की लेखकालाही ती पुन्हा बघायला मिळत नसे.

टोपणनावाची युक्ती तर आपल्या रक्तातच आहे. मात्र जुन्या थोरांचा कित्ता इथे उपयोगी नाही. 'बालकवी' म्हटलं की वय उघड, 'कुसुमाग्रज' म्हटलं की बहिणीचं नाव उघड! भाचीने बराच विचार करून 'वांगीद्वेष्टी' हे नाव घेतलं. त्यावरून तिला तिच्या आईशिवाय कोणी ओळखणार नाही.

तरीही नुसत्या साइटवर माझा विश्वास बसत नाही, आणि त्याला कारण स्कॉटलंडची मार्था पेन. २०१२मध्ये, नऊ वर्षांची असताना, तिने शाळेतल्या जेवणावर ब्लॉग सुरू केला. रोज ताटाचा फोटो, पदार्थाला गुण, किती घास झाले आणि जेवणात केस किती सापडले, असा चोख हिशेब. साइट गूगलची साधी ब्लॉगर, मुलांसाठी म्हणून बनवलेली मुळीच नव्हे. टोपणनाव होतं, आणि मुख्य म्हणजे मदतीला वडील होते. गाजावाजा झाला तसा तिथल्या कौन्सिलने शाळेत फोटो काढायला बंदी घातली. इतका आरडाओरडा झाला, की ती लगेच उठवावीही लागली. आणि मेरीज मील्स या संस्थेसाठी देणग्यांचा ओघ लागला, त्यातून मलावीतल्या मुलांच्या जेवणासाठी स्वयंपाकघर उभं राहिलं. घरात असा बाप नसता, तर नऊ वर्षांच्या पोरीने कौन्सिलपुढे काय केलं असतं?

म्हणून मी क्रम उलटा लावतो. आधी माणूस ठरवा, मग साइट. रोज वाचणारा, वेळप्रसंगी पाठीशी उभा राहणारा मोठा माणूस मिळाला, की ब्लॉगरवरही वाचक मोजकेच ठेवता येतात आणि प्रतिक्रिया आधी आपल्या नजरेखालून घालता येतात. तो मिळाला नाही, तर मुलांसाठीची उत्तमोत्तम साइटही काही कामाची नाही.

अडचण अशी, की हा मोठा माणूस लेख वाचायला बसतो आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारत सुटतो. 'मला वांग बिलकूल आवडत नाही' या खणखणीत वाक्याखाली भाऊजींनी 'भाज्यांचे महत्त्व' हा परिच्छेद सुचवला होता. शिवाय मुलीचा पत्ता जपणारे हेच लोक चौकात तिच्या गुणांचा फ्लेक्स लावतात, फोटो, शाळा आणि टक्क्यांसकट.

तेव्हा घरातल्या सातवीकराला ब्लॉग जरूर काढून द्या. वाचक वर्गातले आणि घरातलेच ठेवा, गणवेशातला फोटो काढून टाका, वांग्यावरचा अनुस्वार राहिला तर राहू द्या. आणि लेख कितीही आवडला, तरी फॅमिली ग्रुपवर पाठवू नका.