चोर गेला, छबी उरली

घरफोडीच्या बातमीला आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. घर बंद, घरचे लग्नाला सुरतेला गेलेले, कडी-कोयंडा तोडलेला, कपाटातले सामान अस्ताव्यस्त, दागिने आणि रोकड लंपास, परिसरात भीतीचे वातावरण; शेवटी पोलिसांनी रात्रीची गस्त वाढवावी, ही नागरिकांची मागणी. गेल्या काही वर्षांत या साच्यात एका वाक्याची भर पडली आहे : ‘चोरट्यांची छबी सीसीटीव्हीत कैद’. वाचणाऱ्याला क्षणभर बरे वाटते, एकदाचे कोणीतरी कैद झाले. मग ध्यानात येते की कैद छबीला झाली आहे, ज्याची छबी तो मोकळाच आहे. अनुभवी चोर तर जाताना डीव्हीआरही काखोटीला मारतो, म्हणजे छबीचाही जामीन होतो. अशा दोन-चार बातम्या एकाच इमारतीच्या नावावर लागल्या की उपाय सुचवणारे पुढे सरसावतात : जिथे चोऱ्या जास्त, त्या अपार्टमेंटला कॅमेरे, वॉचमन, फाटक आणि नोंदवही सक्तीची करा, न करणाऱ्याला दंड ठोका. चोरी ज्याच्या घरी झाली त्यालाच दंड, ही कल्पना मोठी सोयीची आहे. चोर सापडत नाही, घरमालक मात्र पत्त्यावर हमखास सापडतो.

उद्या नंदुरबार नगर परिषदेने असा नियम केलाच, तर नमुन्यांसाठी फार लांब जायला नको. २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या या जिल्ह्यात शंभरातले जेमतेम सतरा जण शहरात राहत होते, त्यामुळे फ्लॅटचे नवल आपल्याला अजून ताजे आहे. पण शेजारच्या गुजरातने २०२२ मध्येच सार्वजनिक सुरक्षेचा कायदा केला. दिवसाला हजार माणसांची ये-जा असलेल्या आस्थापनांनी कॅमेरे बसवायचे आणि ३० दिवसांचे चित्रण जपून ठेवायचे, असा त्याचा सारांश. आपल्या नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, फलाटावरचे एक बाकडेसुद्धा दोन राज्यांनी वाटून घेतले आहे. त्यामुळे दुसरीकडचे कायदे आपल्याकडे यायला फार तर बूड सरकवावे लागते. अमेरिकेतल्या फ्लोरिडाने २०२३ मध्ये याहून बारीक काम केले. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींसाठी त्यांनी यादीच दिली : येण्याजाण्याच्या वाटांवर कॅमेरे, दाराला एक इंची बोल्ट, खिडक्यांना कड्या, दाराला बाहेर पाहायचे भोक, आणि वाहनतळावर जमिनीपासून १८ इंचांवर सरासरी १.८ फूट-कँडल उजेड. चोराच्या गुडघ्यावर किती प्रकाश पडावा, हे कायद्याने ठरवले. ही यादी पुरी केल्यावर मालकाला काय मिळते? बाहेरच्या कोणी आवारात गुन्हा केला तर मालक त्याला जबाबदार नाही, असे न्यायालयाने आधीच गृहीत धरायचे. रहिवाशाला बोल्ट मिळाला, मालकाला सुटका मिळाली, आणि दोघांनाही त्याचे नाव सुरक्षाच सांगितले गेले.

कॅमेऱ्याची बाजू घेणारे म्हणतील, थट्टा पुरे, कॅमेऱ्याने गुन्हे कमी होतात की नाही ते सांगा. होतात. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसले, सर्वाधिक फरक वाहनतळांवर पडला. पण त्याच आढाव्यात एक गोम आहे, जी कॅमेरे विकणाऱ्याच्या पत्रकात कधी छापून येत नाही. जिथे पडद्यासमोर माणूस बसून पाहत होता, तिथे फायदा दिसला. जिथे चित्रण नुसते साठत होते, तिथे म्हणण्यासारखा काही दिसला नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी घरांच्या वसाहतींत नुसते प्रखर दिवे लावून पाहिले, तर रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांनी घटले. दिव्याला पासवर्ड लागत नाही, त्याची हार्डडिस्क भरत नाही आणि तो कोणी उचलून नेला तर लगेच कळते. तरी सक्तीच्या यादीत दिवा कायम कॅमेऱ्याच्या मागे असतो. कारण कॅमेरा रहिवाशाने विकत घ्यायचा आणि रस्त्यावरचा दिवा नगरपालिकेने लावायचा. नियम करणाऱ्याला स्वतःचे काम सोडून बाकी सगळ्यांची कामे सक्तीची करायला आवडतात.

सक्तीचे पुढे काय होते, हे पाहायला कल्पनाशक्ती ताणायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला लहान मुलींवरच्या अत्याचाराचा प्रकार उघडकीला आला आणि त्या महिन्यातच शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला : सर्व शाळांत महिन्याभरात कॅमेरे, आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासायचे. हेतूबद्दल कोणाचेच दुमत नसावे. पण हा निर्णय मुंबईच्या शाळेला लागू तसाच अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यावरच्या शाळेलाही. जिथे वीज पाहुण्यासारखी येते, मुख्याध्यापकच चौथीचा वर्ग घेतात, खिचडीचा हिशेब लिहितात आणि जनगणनेलाही तेच जातात. त्यांनी चित्रण पाहायचे कधी, हे निर्णयात सांगितलेले नाही. खुद्द पोलीस ठाण्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण शक्यतो १८ महिने जपायला सांगितले. पाच वर्षे होत आली, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतले कॅमेरे चालतच नसल्याच्या प्रश्नाची त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या ठाण्याचा कॅमेरा नेमका कोठडीत काही घडताना डोळे मिटतो, त्या ठाण्याने अपार्टमेंटच्या चेअरमनला ‘तुमचा तिसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा बंद का?’ असे विचारायचे, याला मोठा धीर लागतो. तो धीर आपल्या व्यवस्थेत कधीच कमी पडलेला नाही.

कॅमेऱ्यानंतर यादीत वॉचमन. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावर प्रशिक्षण मिळायला हवे. प्रत्यक्षात जिन्याखालच्या खोलीत कुटुंबासह राहणारा माणूस पाण्याची मोटर चालू-बंद करणे, गाड्या पुसणे, कुंड्यांना पाणी घालणे आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांचा गॅस सिलिंडर वर नेणे, एवढ्या विषयांत प्रवीण होतो. बारा तासांच्या पाळीत उरलेला वेळ राखणीचा. त्याला झोप लागली तर दोष त्याचा. त्याला महिन्याला काय मिळते, हा विषय मात्र मेंटेनन्सच्या सभेत ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून मिटतो. त्याची माहिती कोण तपासतो, हा त्याहून मोठा प्रश्न. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वडाळ्याच्या एका इमारतीत तरुण वकील महिलेचा तिच्या घरात खून झाला, तेव्हा दोषी ठरला तो इमारतीचाच सुरक्षारक्षक. यावरून सगळे वॉचमन संशयित ठरवणे हा अन्यायच. मुद्दा वेगळा आहे : नियम डोकी मोजतो, तास मोजत नाही. फाटकाशी गणवेश उभा दिसला की तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण होते, मग गणवेशाच्या आत प्रशिक्षण असो की नुसता माणूस.

आता नियमाच्या मुळाशी असलेला शब्द घेऊ : ‘जास्त गुन्ह्यांची इमारत’. ती ठरवायची कशी? उत्तर सरळ आहे, नोंदलेल्या गुन्ह्यांवरून. म्हणजे ज्या इमारतीचे लोक तक्रार करतात ती बदनाम आणि ज्या इमारतीचे गप्प बसतात ती सुरक्षित. अमेरिकेतल्या नॉरिसटाउन गावात हा प्रयोग होऊन गेला आहे. चार महिन्यांत तीनदा पोलीस यावे लागले तर भाडेकरूला घराबाहेर काढायची तरतूद तिथे होती. नवऱ्याची वा जोडीदाराची मारहाण सोसणारी बाई मग पोलिसांना बोलवायलाच घाबरू लागते. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये गावाला तो नियम मागे घ्यावा लागला. आपल्याकडे त्यासाठी वेगळ्या नियमाचीही गरज नाही. ‘एफआयआर कशाला, अर्ज देऊन ठेवा’ या एका वाक्याने कोणत्याही इमारतीतले गुन्हे रातोरात कमी होतात. त्यात सोसायटीचाही हातभार लागेल, कारण यादीत नाव लागले की फ्लॅटचा भाव उतरतो. चोर, पोलीस आणि चेअरमन या तिघांचेही हित एकाच गोष्टीत यावे, ती म्हणजे चोरी झालीच नाही असे म्हणणे, हा योग दुर्मीळच.

शिक्का मारून बंदोबस्त करण्याची ही सवय खानदेशाला नवी नाही. इंग्रजांनी इथल्या भिल्लांना सरसकट लुटारू ठरवले आणि १८२५ मध्ये आउट्रम या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभी करून त्यांच्याकडून मुलखाची राखण करवून घेतली. शिक्का खोटा होता हे त्यांनीच सिद्ध केले, पण शिक्का काही पुसला नाही. त्याआधीच्या काळात मात्र राखणीचा एक रिवाज होता, तो आजच्या नियमकर्त्यांनी वाचण्यासारखा आहे. गावात चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की पुढची जबाबदारी त्या गावाची. त्यांनी तो आपल्या शिवेबाहेर गेल्याचे दाखवायचे, नाहीतर चोर हजर करायचा किंवा माल भरून द्यायचा. भरपाई दर वेळी पदरात पडत असेल असे नाही, आणि त्या व्यवस्थेत जातीची जी उतरंड होती ती परत यावी असेही कोणी म्हणू नये. पण तिचा कणा सरळ होता : राखणारा बांधलेला होता. ज्याची चोरी झाली त्याला ‘तुझ्या दाराला कडी किती इंची होती?’ असे विचारून दंड करायची पद्धत नव्हती. आज माग जागेवरच संपतो. चित्रणात चोर फाटकाबाहेर पडून डावीकडे वळतो, आणि डावीकडे दुसऱ्या ठाण्याची हद्द लागते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. गाव राहिले नाही, वस्ती वाढली, पोलीस थोडे; शेजाऱ्याचे नाव माहीत नसलेल्या इमारतीत रहिवाशाने स्वतःच्या दाराची काळजी घ्यायची नाही तर काय? घ्यायलाच हवी. कडी मजबूत असावी, जिन्यात दिवा असावा, कॅमेरा असेल तर त्याची तारीख-वेळ बरोबर असावी. पण सक्ती करायची तर ती दोन्ही टोकांना करा. रहिवाशाला महिन्याभराचे चित्रण जपायला सांगता, तर तक्रार आल्यावर ते किती दिवसांत ताब्यात घेऊन पाहिले, याचीही नोंद ठेवा. इमारतीत कॅमेरा नसेल तर दंड, तसा रस्त्यावरचा दिवा आठवडाभर बंद असेल तर कोणाला, हेही लिहा. विशेष म्हणजे यातला मोठा भाग कायद्यात आधीच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, फिर्यादीला प्रत मोफत द्यावी लागते आणि ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे कळवावे लागते. नावातच ‘सुरक्षा’ असलेल्या या कायद्यातली रहिवाशावरची बंधने सगळ्यांना पाठ आहेत. भाडेकरूची माहिती द्या, नाहीतर गुन्हा, हे आदेश पेपरात वाचून लहान पोरही सांगेल. ९० दिवसांचे हे कलम मात्र कोणत्या फलकावर रंगवलेले दिसत नाही.

म्हणून नियम करायचाच असेल तर एकच फलक सक्तीचा करा, आणि तो अपार्टमेंटच्या फाटकावर नको. तिथे ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ ही पाटी आधीच आहे आणि चोराने ती वाचलेली आहे. फलक लावा ठाण्याच्या दारात : या हद्दीत इतक्या घरफोड्या नोंदल्या, इतक्यांचे चित्रण पाहिले, इतक्या फिर्यादींना तपास कळवला, इतक्यांचे ९० दिवस उलटले. दर महिन्याला आकडे बदला. बाकी कडी, बोल्ट, वॉचमन, नोंदवही हे सगळे रहिवासी आपापल्या ऐपतीप्रमाणे करतीलच, करतच आहेत. भीती फुकट मिळते, तिला अनुदान लागत नाही. जुन्या रिवाजाने पाहिले तर त्यांनी आपले काम केले आहे. चोराची छबी पेनड्राइव्हमध्ये घालून त्यांनी माग ठाण्याच्या उंबऱ्यापर्यंत आणून पोचवला आहे. आता तो पुढे बाहेर कुठे गेला ते ठाण्याने दाखवायचे. आणि दाखवता येत नसेल, तर दंडाची पावती कोणाच्या नावाने फाडायची, हे नियमात आधी लिहायचे.