निव्वळ वजन

बारामती-इंदापूर पट्ट्यात ज्याच्या घरी ऊस आहे, त्याचा बारामतीत एखादा फ्लॅटही असतो. तो राहायला घेतलेला नसतो, 'पोरांच्या शिक्षणासाठी' घेतलेला असतो. पोरं शिकून पुण्याला जातात, फ्लॅटमध्ये एमआयडीसीतले भाडेकरू येतात-जातात, भिंतींवर नाना देवांची कॅलेंडरं लागतात आणि उतरतात. मग एके दिवशी खालच्या मजल्यावरचा माणूस जिना चढून येतो आणि सांगतो, की तुमचं बाथरूम आमच्या देव्हाऱ्यावर गळतंय. त्या दिवशी घरातला निवृत्त पुरुष कंबर कसून उठतो. आमच्या घराण्यात हा मान दाजींना मिळाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे कन्हेरीचे. कन्हेरीचा मारुती साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, कारण पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ परंपरेनं तिथं फुटतो. दाजींनीही बाथरूम फोडण्याआधी त्याच मारुतीला नारळ फोडला. पुजाऱ्यानं विचारलं, "कोण उभं राहिलंय?" दाजी म्हणाले, "कोण न्हाय. संडासबाथरूम हाय, बसवायचंय."

दाजींची सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. कारखान्याचं नाव विचारू नका, या दोन तालुक्यांत कारखान्यांना तोटा नाही. हंगाम सुरू झाला की दिवसरात्र ट्रॅक्टर आणि टायरगाड्या काट्यावर चढायच्या. दाजी खिडकीतून भरलेलं वजन लिहायचे, गव्हाणीत ऊस पडला की रिकामं वजन लिहायचे, उरेल ते निव्वळ. त्यातून मोळी बांधायच्या वाढ्याचा 1 टक्का वजा. खिडकीबाहेर उभा असलेला शेतकरी प्रत्येक वेळी आकड्याकडे बघायचा, मग दाजींच्या तोंडाकडे बघायचा, आणि काही न बोलता पावती खिशात घालायचा. दाजींनी काटा मारला असं मी म्हणत नाही. तसं कुणीच कधी त्यांच्या तोंडावर म्हटलं नाही. पण आयुष्यभर लोकांच्या नजरेत तो संशय वाचून वाचून दाजींचा एक सिद्धान्त तयार झाला होता: जगात प्रत्येक जण कुठं ना कुठं काटा मारतो. निवृत्तीनंतर ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आले आणि हा सिद्धान्त तपासायला त्यांना वन बीएचके मिळाला.

फ्लॅट भिगवण रस्त्याच्या बाजूला, तीन मजली इमारतीत वरून दुसरा. लिफ्ट नाही. नव्वदच्या दशकातलं बांधकाम: बारक्या खड्यांच्या मोझॅक फरश्या, कडाप्प्याचा ओटा, लोखंडी खिडक्या, भिंतीवरून पट्टीत धावणारं वायरिंग, आणि गंजून आतून बंद झालेले जीआय पाइप, ज्यांतून पाणी आपली मर्जी असेल तेव्हा यायचं. अक्काच्या गुडघ्यांना आता दवाखाना जवळ हवा होता, म्हणून दोघांनी तिथं राहायला यायचं ठरलं. दाजींची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे सरकारनं 2014 साली जिचा किमान आकडा 1,000 रुपये ठरवला आणि मग जिच्याकडे पाठ फिरवली, ती. तेव्हा ग्रॅच्युइटीतलं उरलेलं आणि खोडव्याचं बिल मिळून दाजींनी बजेट जाहीर केलं: साडेतीन लाख. "वर एक रुपाया न्हाय." पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, मॉड्युलर किचनच तेवढ्याला जातं. दाजींनी फोन अक्काकडे दिला.

आधी सोसायटीशी लढाई झाली. चेअरमननी उपविधी काढून दाखवले: गच्चीची गळती संस्थेकडे, संडास-बाथरूमची गळती ज्याच्या त्याच्याकडे. दाजींचं म्हणणं, पाणी वरच्या मजल्यावरून आमच्याकडं येतं आणि आमच्याकडून खाली जातं, आम्ही फक्त वाहतूकदार. चेअरमननी वरच्या घरात नेऊन कोरडी ठणठणीत भिंत दाखवली. दाजींनी तिला हात लावला, नाक लावलं आणि मोठ्या मनानं आपली गळती कबूल केली.

मग कोटेशन. मालासकट काम द्यायचं की लेबर रेटनं, या प्रश्नाचं उत्तर दाजींसारख्या माणसाकडे एकच असतं. मालासकट म्हणजे ठेकेदार मालात खाणार. लेबर रेट म्हणजे माल आपण आणायचा. म्हणजेच रोज सकाळी मिस्त्रीनं 'दाजी, एक एल्बो कमी पडला' म्हणायचं, दाजींनी एम-80 गाडी काढून बाजारात जायचं, आणि एल्बो आला की मिस्त्रीनं 'आता टी लागंल' म्हणायचं. पेट्रोल बजेटात धरलेलं नव्हतं. ते वहीत 'किरकोळ' या सदरात गेलं. पुढं याच सदरानं प्लंबिंग, वायरिंग आणि रंग या तिघांना एकेक करून मागं टाकलं.

काम 2025 च्या पितृपक्षात सुरू करायचा दाजींचा बेत होता. त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक नसतं, मिस्त्री मोकळे असतात, भाव पाडून मिळतो. अक्का म्हणाली, "पितरांच्या दिवसांत घरात घण घालायचा न्हाय." तिथं दाजींचं चाललं नाही. पण सिमेंट तरी घेऊन ठेवू म्हणून त्यांनी 20 पोती आधीच उचलली. ताणकाटा घरून नेला होता. पोतं 50 किलोचं भरलं.

"पिशवी सोडून?" दाजींनी विचारलं.

दुकानदार म्हणाला, "दाजी, पिशवी फेकून सिमेंट पदरात घेऊन जाता का?"

दाजींनी एक रिकामी पिशवी मागून घेतली, तिचं वजन केलं, गुणिले 20 केलं आणि वहीत लिहिलं. घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. नेमका त्याच दिवसापासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. पोत्यामागं पंचवीस-तीस रुपयांचा फटका! पिशवीचे ग्रॅम वाचवणाऱ्या माणसाला दिल्लीनं काटा मारला. दाजी तडक दुकानात गेले: फरक द्या. दुकानदारानं हात जोडले, "कारखाना उसाचा फरक दिवाळीला देतो ना? तुम्ही बी दिवाळीला या."

घटस्थापनेनंतर घण पडला. मोझॅक निघालं, जुना कोबा निघाला, बाथरूम पार स्लॅबपर्यंत उघडं झालं. राडारोडा किती निघाला हे डोळ्यांना दिसत होतं, पण दाजींना डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय नाही. ट्रॉली भरली तशी ती त्यांनी रस्त्यावरच्या वजनकाट्यावर चढवली, पैसे भरून पावती घेतली, आणि मग कन्हेरीच्या वस्तीवर रिकामी केली. तिथं पाणंदीतली चाकोरी त्यानं बुजली. इमारतीतून निघालेलं काहीही टाकायचं नाही, सगळं वस्तीवर, असा हुकूम होता. लोखंडी ग्रिलवर आज दोडक्याचा वेल आहे. जुन्या बेसिनमध्ये कोंबड्या पाणी पितात. संडासच्या भांड्याचं काय केलं ते मी विचारलं नाही, कारण वस्तीवर गेलो की मला चहा घ्यावा लागतो.

बाथरूमला विटांच्या तुकड्यांचा कोबा झाला, वॉटरप्रूफिंग झालं, आणि मिस्त्रीनं ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं. तीन दिवस पाणी उभं राहायचं, खाली थेंब आला नाही तर काम पास. दाजींनी भिंतीवर पेन्सिलीनं पाण्याची रेघ मारली आणि हंगामातली रात्रपाळी सुरू केली. तिथंच सतरंजी टाकून झोपायचे, दर दोन तासांनी उठून बॅटरीनं रेघ बघायचे. दुसऱ्या रात्री पाणी एक सूत उतरलेलं सापडलं. रात्री अडीचला मिस्त्रीला फोन. मिस्त्री म्हणाला, "दाजी, वाफ झाली आसंल." वाफ हा शब्द दाजींनी कारखान्यात पुष्कळ ऐकला होता. तिथं ती बॉयलरवर मोजायला माणूस असतो. इथं मोजायला कुणी नाही म्हणून तिच्यावर ढकलायचं, हे त्यांना पटेना. खालच्या शेजाऱ्याला उठवून त्याच्या देव्हाऱ्यावरची स्लॅब हातानं चाचपली, तेव्हा कुठं दाजी झोपले. शेजारी जागाच राहिला.

फरशीत त्यांनी खरी कमाल केली. फरशी मोरबीची, दोन बाय दोन, एका बॉक्समध्ये चार. लागणार होती 420 चौरस फुटांना, म्हणजे हिशोबानं 105. दुकानदार म्हणाला, कटिंगमध्ये जातात, पाच टक्के वेस्टेज धरा, 28 बॉक्स घ्या. दाजी भडकले. "वेस्टेज? आमच्याकडं उसाच्या चोथ्याची बी वीज करत्यात!" त्यांनी 27 बॉक्स घेतले, म्हणजे 108 फरश्या. शेवटच्या कोपऱ्यात दोन कमी पडल्या. पुन्हा बॉक्स आणला तर शेड नंबर बदललेला, पांढऱ्यात किंचित पिवळसर झाक. त्या दोन फरश्या आता दिवाणाखाली आहेत. आलेल्या पाहुण्यांना दाजी दिवाण सरकवून त्या दाखवतात आणि विचारतात, "फरक दिसतोय का?"

या साऱ्या मोजमापात एक माप राहून गेलं होतं. ओट्याची उंची विचारायला मिस्त्री आला तेव्हा दाजींनी टेप काढून जुन्या ओट्याची खूण दाखवली. मिस्त्रीनं टेपकडे पाहिलंच नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि म्हणाला, "अक्का, हितं उभ्या राहा." मग तिचा हात कोपरात दुमडायला लावून, कोपराखाली चार बोटं सोडून भिंतीवर रेघ मारली. तीस वर्षं अक्का बुटक्या ओट्यांवर वाकून भाकरी थापत आली होती. दाजींनी नव्या रेघेची उंची मोजून वहीत लिहिली आणि समोर, कधी नव्हे ते, खर्चाचा रकाना मोकळा सोडला.

दिवाळी तोंडावर आली. भिंतींना रंग लागला, नव्या वायरिंगवर बत्ती लागली, आणि हिशोबाची संध्याकाळ उगवली. फरशी बसवायची मजुरी ठरली होती 25 रुपये चौरस फूट. 420 गुणिले 25, दहा हजार पाचशे. मी गुणाकार तोंडी केला. दाजींनी चष्मा पुसला.

"मिस्त्री, दोन फरश्यांत फट हाय."

"हाय की. दोन एमेमचा स्पेसर घातलाय. फट ठेवली न्हाय तर उन्हाळ्यात फरशी उचलती."

"बरोबर. पर फटीत फरशी न्हाय. जिथं फरशी न्हाय तिथं बसवायची मजुरी कशी?" आणि दाजींनी वही पुढं केली. फटींचं क्षेत्रफळ त्यांनी रात्री काढून ठेवलं होतं: पावणेतीन चौरस फूट. वजावट 69 रुपये. "मोळीला धरतो तसं पुरा टक्का धरत न्हाय. जेवढं हाय तेवढंच."

मिस्त्री इंदापूर तालुक्यातला, अंगानं बारीक आणि बोलायला त्याहून कमी. त्यानं वही हातात घेतली, कानामागची पेन्सिल काढली.

"दाजी, फट रिकामी न्हाय. तिच्यात ग्राउट मी भरलंय. भरायचं माप रनिंग फुटात. एका फरशीमागं चार फूट, 105 फरश्या." त्यानं खाली रेघ मारली. "420 रनिंग फूट. पाच रुपये फुटानं 2,100 झाले. ते मी मागितलं नव्हतं. पर तुम्ही फट काढली म्हणून."

420 हा आकडा ऐकून खोलीत कुणी हसलं नाही. फसवणुकीचं ते कलम 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 318 झालंय, पण 318 म्हटल्यावर बारामतीत अजून कुणी चिडत नाही. दाजींनी गुणाकार तपासला. पुन्हा तपासला. भिंतीकडच्या फटी अर्ध्याच धरायला हव्यात, असा एक मुद्दा त्यांना सुचला होता, तो ओठांवर आलेलाही मला दिसला.

मिस्त्रीच वही मिटत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. 69 कापा तुमचे. आमचा म्हातारा म्हणायचा, काट्यावर वाद घालू नये. 22 हंगाम ऊस घातला त्यानं. तुमच्याच काट्यावर."

दाजींनी चष्मा काढला. "सभासद नंबर काय वडलांचा?"

मिस्त्रीनं सांगितला.

"टायरगाडी. एक बैल शिंगमोड्या."

"व्हय. तुमच्या बरं ध्यानात."

"वजन करताना बैलं सोडायला लावायचो. सगळे कुरकुरायचे. तुझा बाप कधी बोलला न्हाय."

"घरी येऊन बोलायचा," मिस्त्री म्हणाला.

दाजी उठले, कपाटातून पैसे काढले आणि मोजले. दहा हजार पाचशे. मग अक्काकडे बघून आणखी 2,100 मोजले, आणि अंगठा जिभेला लावून वर 500. मिस्त्रीनं पैसे न मोजता खिशात घातले. साऱ्या कामात घेणाऱ्यानं न मोजलेला हा एकमेव व्यवहार. तो गेल्यावर दाजींनी वही उघडली. बजेट केव्हाच चार लाखांपलीकडं गेलं होतं, 'किरकोळ'नं तर पान उलटलं होतं. शेवटच्या ओळीवर त्यांनी लिहिलं: 'फरक बिल, दिले.'

"दाजी," मी विचारलं, "कुठल्या हंगामाचा फरक?"

"सगळ्याच धर." त्यांनी वही मिटली आणि लगेच पुन्हा उघडली. "आणि पाव्हणं, त्याला फोन करा. दिवाणामागच्या त्या दोन उरलेल्या फरश्या त्यानं नेल्या नसतील ना? त्या फरकात धरलेल्या न्हाईत म्हणावं."