मा. सरासरी साहेबांस जाहीर अभिनंदनपत्र

प्रति,
मा. सरासरी साहेब,
मुक्काम डॅशबोर्ड, सर्व्हर रूम (वातानुकूलित).

विषय : सर्व्हर किती सेकंदांत उत्तर देतो, हे दाखवणाऱ्या आपल्या अखंड हिरव्या आलेखाबद्दल अभिनंदन.

महोदय,

जुलैअखेर आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणसं डवरणी सोडून, दिवसाची मजुरी बुडवून सेवा केंद्रावर येऊन बसतात. घाटंजी असो, मारेगाव असो की झरी जामणी, पीकविम्याच्या अर्जावर तेच चक्र गोल गोल फिरत असतं. केंद्रचालक सांगतो, "सर्व्हर डाऊन आहे, चहा घेऊन या." अशा धामधुमीतही आपला आलेख हिरवागार! एवढी हिरवळ तर आमच्या सोयाबीनलाही जमत नाही.

आपलं गणित आम्हाला आता उमगलं आहे. शंभर जणांपैकी पंच्याण्णव जणांचं पान एका सेकंदात उघडलं आणि पाच जण पूर्ण मिनिटभर ताटकळले, तर सरासरी चार सेकंदसुद्धा भरत नाही. हे चार सेकंद शंभरातल्या एकाच्याही वाट्याला आलेले नसतात, पण अहवालात तेच जातात.

आपलं घड्याळही मोठं सोयीचं. विनंती सर्व्हरच्या दारात पोचली की ते सुरू होतं आणि उत्तर दाराबाहेर पडलं की थांबतं. त्याआधी रेंज शोधण्यात गेलेला वेळ, त्यानंतर स्वस्त मोबाइलवर पान उमटण्यात गेलेला वेळ आणि ओटीपी येईस्तोवर सेशन संपलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून भरलेला अर्ज, यांतलं काहीच आपल्या हिशेबात येत नाही. कापूस आमचा आणि काटा व्यापाऱ्याचा, हा प्रकार आमच्या चांगल्या परिचयाचा आहे.

आणि जो कंटाळून घरी गेला, त्याचं पान उघडलंच नाही. म्हणून तो सरासरीतही नाही. म्हणजे जितके लोक वैतागून उठतील, तितका आपला आकडा सुधारणार. याला म्हणतात कार्यक्षमता!

जगात काही लोक मात्र उगाच डोकं शिणवतात. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 1993 मध्येच लिहून ठेवलं की, एका सेकंदापर्यंत माणसाच्या विचाराची तार तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर त्याचं लक्ष उडतं. गूगल तर खऱ्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्ये वेळ मोजतं आणि शंभरातल्या किमान पंच्याहत्तर भेटींत पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला, तरच त्याला 'चांगलं' म्हणतं. सरासरीला तिथे कुणी विचारत नाही. आपला हा अपमान आम्हाला पाहवत नाही.

कायदाही आपल्याच बाजूचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार सेवेला विनाकारण उशीर झाला, तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मात्र मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून. 'सबमिट' दाबण्यापूर्वीची सगळी तपश्चर्या ज्याची त्याने आपल्या खात्यात जमा करावी.

तरीही एक मोजमाप आपल्या हातून निसटलंच. 2017 मध्ये कर्जमाफीच्या ऑनलाइन अर्जांची मुदत 15 सप्टेंबरवरून 22 सप्टेंबर झाली. 2023 मध्ये एक रुपयातल्या पीकविम्याची मुदत 31 जुलैवरून 3 ऑगस्ट झाली, सर्व्हरच्या तक्रारी आल्यावर. साहेब, मुदतवाढ हाच आपला जाहीर झालेला खरा रिस्पॉन्स टाइम आहे : एकदा सात दिवस, एकदा तीन दिवस. हा आकडा कुठल्याही डॅशबोर्डवर नव्हता. रांगेने मोजला, म्हणून शासनाला छापावा लागला.

तेव्हा नम्र विनंती अशी :

1. घड्याळ केंद्रातल्या माणसाने बटण दाबल्यावर सुरू व्हावं आणि पावती हातात पडल्यावर थांबावं.
2. अर्धवट सुटलेले अर्जही मोजावेत.
3. शंभरातल्या शेवटच्या पाचांना किती वेळ लागला, ते तालुकावार जाहीर करावं. तेही मुदतीच्या शेवटच्या दिवसाचं.
4. हे जमत नसल्यास आपण एकदा स्वतः ऑनलाइन अर्ज भरावा. आधारशी जोडलेला मोबाइल सोबत आणावा.

कळावे, लोभ आहेच, तो लोड व्हायला थोडा वेळ लागेल.

आपला,
शंभरातला शहाण्णवावा,
जिल्हा यवतमाळ.